येतो म्हणणारी तबकडी

रेकॉर्डचं काळीज काढायचं काम मुचानेटाकडे होतं.

हरारेतल्या साउदर्टनच्या त्या कारखान्यात रेकॉर्डी बनायच्या, कव्हरांत भरल्या जायच्या, खोक्यांत बांधल्या जायच्या आणि लॉऱ्यांतून देशभर जायच्या. जायच्या त्यातल्या बऱ्याच तोंड पाडून परतही यायच्या. परत आलेल्यांची गाठ मुचानेटाशी. तिच्यापुढे एक लोखंडी पंच होता. रेकॉर्ड ठेवायची, दांडा ओढायचा, मधला लेबलाचा गोल खटकन खाली पडायचा आणि भोक पडलेली काळी चकती शेजारच्या चक्कीत जायची. कागद चक्कीत गेला तर पुढच्या मालात खरखर येते, म्हणून हे काम नीट करावं लागायचं. नीट म्हणजे न बघता. लेबलं वाचत बसलं की हात थांबतो. प्रत्येक लेबलावर कुणाचं तरी नाव असतं, आणि ते छापलं गेलं त्या दिवशी त्या माणसानं अख्ख्या गल्लीला बिअर पाजलेली असते.

आधी ती कव्हरं चिकटवायची. ते काम बरं होतं, बायका मिळून गप्पा मारत करायच्या. पण मग परदेशी चलन आटलं, बोटीनं येणारा प्लॅस्टिकचा कच्चा माल थांबला, आणि कारखान्यानं ठरवलं की जुनं दळायचं आणि त्याचंच नवं दाबायचं. रेडिओवर मंत्री त्याला स्वावलंबन म्हणायचे. चक्कीवरच्या बायका त्याला उष्टं म्हणायच्या. मला विचाराल तर बायकांचं बरोबर होतं.

मुचानेटाचा नवरा चेन्झिरा तिथंच प्रेसवर होता. खाली एक साचा, वर एक साचा, मधे गरम मऊ गोळा आणि दोन लेबलं. प्रेस मिटायची, वाफ, मग थंड पाणी, आणि उघडली की गाणं तयार. दिवसभर दुसऱ्यांची गाणी दाबून दाबून त्याला वाटलं की आपलंही एक असावं. प्रेसवरचाच कुंबिराय गिटार वाजवायचा, आणखी एक ढोलवाला मिळाला, आणि कारखान्याच्याच स्टुडिओत एका दुपारी त्यांनी एक छोटी रेकॉर्ड केली. आमच्याकडच्या छोट्या रेकॉर्डींची रीत ठरलेली आहे. गाणं लांब आणि तबकडी लहान, म्हणून पहिल्या बाजूला गाणं म्हणून घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूला गिटार मोकळी सोडायची, लोकांना नाचायला. पहिल्या बाजूला चेन्झिराचा गळा होता. एक मुलगा शहरातून गावी निघालाय, बस रस्त्यात बिघडलीय, आणि तो आईला सांगतोय की आई, दार लावू नकोस, मी येतोय. एवढंच गाणं. गळाही काही फार मोठा नव्हता, थोडा नाकातला, पण ऐकणाऱ्याला वाटायचं की हा आपल्याशीच बोलतोय.

गाणं चाललं नाही. रेडिओनं वाजवलं नाही. सगळी खोकी परत आली आणि मुचानेटाच्या पंचाखाली गेली. तेव्हा चेन्झिरा तिच्यामागे येऊन उभा राहिला होता आणि हसत म्हणाला होता की घरी बोलून मन भरत नाही वाटतं, म्हणून इथं भोसकतेस. तीही हसली होती. एक रेकॉर्ड तेवढी त्यानं घरी आणून ठेवली.

मग तो आजारी पडला. वाळत गेला, खोकत गेला. कोणता आजार ते कुणी विचारलं नाही, कारण त्या वर्षांत तसं कुणीच कुणाला विचारत नव्हतं. बुहेराला त्याच्या गावी नेऊन पुरलं, आणि मुचानेटा लेक रविरोला घेऊन परत हरारेतल्याच मबारे वस्तीतल्या आपल्या एका खोलीत आली.

वर्ष सरत आलं तशी त्याला घरी आणायची वेळ झाली. माणूस मेला की वर्षभर तो बाहेर असतो, रानात, वाऱ्यात, कुठंही. मग नाचणीची बिअर गाळायची, ढोल वाजवायचे, थडग्यावर जाऊन त्याला हाक मारायची आणि स्वयंपाकाच्या झोपडीत मागच्या भिंतीशी जो मडक्यांचा ओटा असतो तिथं आणून बसवायचं. तोवर तो घरचा नाही, आणि त्याच्या माणसांना चैन नाही. गावातल्या म्हातारीनं, म्हणजे चेन्झिराच्या आईनं, निरोप धाडला होता. सून तिला आमाय म्हणायची. आमायचे डोळे केव्हाच गेले होते. तिचं मागणं एकच होतं. बैल नको, नवं लुगडं नको. त्या दिवशी पोराचा आवाज मला ऐकवा, तो आला हे मला तेवढ्यावरूनच कळेल.

मागणं सोपं होतं, कारण रेकॉर्ड घरात होती. अडचण अशी की ती अडकायची. मुचानेटानं वर्षभर रोज संध्याकाळी लावून लावून तिचा पार चोथा केला होता. कडव्याच्या मधे एक ओरखडा पडला होता आणि तिथं सुई आली की चेन्झिरा म्हणायचा, मी येतोय, मी येतोय, मी येतोय. तो असा म्हणतच राहायचा. मुचानेटा उठून बोटानं सुई जरा पुढे ढकलायची. कधी कधी नाही ढकलायची. चुलीवर मक्याच्या पिठाचा सदझा ढवळता ढवळता त्याला म्हणू द्यायची.

समारंभाची बोलणी करायला चेन्झिराची थोरली बहीण मारवेई शहरात आली. नवऱ्याची बहीण म्हणजे टेटे, आणि टेटेचा शब्द म्हणजे शेवटचा, त्यापुढे सासऱ्याचंही काही चालत नाही. टेटे बसली, पाणी प्याली, प्रवासाला आणि बसवाल्याला यथेच्छ शिव्या घालून झाल्या, आणि मग म्हणाली, लाव बघू ते गाणं. मुचानेटानं लावलं. भावाचा आवाज ऐकून टेटेनं पदर डोळ्यांना लावला. मग सुई त्या जागी आली. मी येतोय, मी येतोय, मी येतोय. टेटेचा पदर खाली आला.

"हे काय आहे, मुरोरा?" तिनं विचारलं. घरात आलेल्या सुनेला मुरोरा म्हणतात.

मुचानेटानं सांगितलं की तिथं ओरखडा आहे, बोटानं ढकललं की जाते पुढे.

"आणि पूर्वजांसमोर तू बोट घालत बसणार? तो असा येतो येतो म्हणत दारात उभा राहिला तर घरात शिरेल कधी? मडकं नवं लागतं, बिअर ताजी लागते, टोपली न फाटलेली लागते. आणि हाक तेवढी तुटकी चालेल होय तुला?"

टेटे दुष्ट नव्हती, ती खरंच घाबरली होती. अर्ध्यात अडकलेला मेलेला माणूस घराला छळतो, पोरं आजारी पाडतो, हे तिनं पाहिलेलं होतं. आणि विधवेच्या घरात काही बिनसलं की बोट पहिलं कुणाकडे वळतं ते मुचानेटालाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कुंबिरायला गाठलं. नवऱ्याचा दोस्त म्हणजे धाकटा दीर, बाबामुनिनी, असंच ती त्याला म्हणायची. तो आधी म्हणाला की स्टुडिओतल्या फितीवर केव्हाच दुसऱ्या कुणाचं गाणं भरलं असणार, नव्या फिती मिळतात कुठं. पण साचे असतील. साच्यांच्या खोलीतल्या फळीवर प्रत्येक गाण्याच्या दोन्ही साच्यांचं एक जाड पाकीट असतं, मधे कागद घालून पाठीला पाठ लावून ठेवलेलं. दरवर्षी भंगारवाला येतो तेव्हा साहेब पाकिटं चाचपतात. ज्यात एकच साचा उरलाय ते पाकीट सरळ भंगारात, कारण एका बाजूचं गाणं विकणार कोण?

दुपारच्या सुट्टीत तो धापा टाकत आला. पाकीट होतं. जाड होतं, चांगलं दोन साच्यांचं. वर चेन्झिराच्या स्वतःच्या अक्षरात नाव होतं आणि तोंड चिकटपट्टीनं गच्च बंद केलेलं होतं.

"फोडलं नाहीस ना?" मुचानेटानं विचारलं.

फोडणार कसं, तो म्हणाला. साच्याला धूळ लागली की गेला कामातून, पाकीट फोडायचं ते प्रेसपाशीच. आणि चेन्झिरानंच तर बंद केलंय. त्याच्याइतकं नीट दुसरं कुणी बंद करत नव्हतं.

मुचानेटाचा जीव भांड्यात पडला. तिनं ते पाकीट हातात घेऊन पाहिलं, अक्षरावरून अंगठा फिरवला. जाताना आपल्यासाठीच बांधून ठेवून गेला, असं तिला वाटलं आणि ती चारचौघांत रडली.

मुफुका साहेब कारखान्याचा मजला बघायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त नियमाच्या बाहेर त्याला श्वास घेता यायचा नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की शनिवारी दुपारी प्रेस रिकामी आहे, एक गोणीभर जुना माल आणा, त्याच्या बदल्यात तुमच्या काही रेकॉर्डी दाबून घ्या. कारखान्याचा दाणाही मिळणार नाही. हे ते सगळ्यांनाच सांगायचे. लग्नासाठी, चर्चच्या गायनमंडळासाठी लोक अशाच गोण्या घेऊन यायचे.

मग मुचानेटा मबारेभर हिंडली. फुटक्या रेकॉर्डी, वाकलेल्या, उन्हात ठेवून वाटीसारख्या झालेल्या, पोरांनी चाकं केलेल्या. बायकांनी दिल्या. चेन्झिराचं काम आहे म्हटल्यावर कुणी नाही म्हटलं नाही. एकीनं तर नवऱ्याची आवडती रेकॉर्ड दिली आणि म्हणाली, घेऊन जा बाई, ह्या गाण्यावर तो दुसरीबरोबर नाचतो. बऱ्याच दिवसांनी मुचानेटा पोटभर हसली.

शुक्रवारी संध्याकाळी गोणी भरली. वर थोडी जागा राहिली होती. तिची नजर आपल्या प्लेयरकडे गेली.

गोणी प्लेयरवरच्या चेन्झिराच्या रेकॉर्डशिवायही चालली असती. मुचानेटानं ते का केलं, हे पुढे तिला पुष्कळांनी विचारलं, आणि काहींनी विचारताना आवाजही चढवला. पण ज्यानं कधी बिअर गाळली आहे त्याला कळेल. आपल्या बायका जुन्या मडक्याच्या तळाचा गाळ टाकून देत नाहीत. तो नव्या मडक्यात विरजणासारखा घालतात, म्हणजे नवी बिअर जुनीला ओळखते. मुचानेटाच्या मनात तेच आलं. तो जुना आवाज नव्या मालात असू दे. नाहीतर नव्या रेकॉर्डीत चेन्झिराचं काय असणार, परक्यांचं उष्टंच ना? शिवाय साचा होता, बंद पाकिटात होता, त्याच्या हातानं बंद केलेला. तिनं शेवटची एकदा ती रेकॉर्ड लावली. सुई अडकली. रविरो उठली आणि सवयीनं बोट पुढे केलं. मुचानेटा म्हणाली, राहू दे. थोडा वेळ दोघी ऐकत बसल्या, मग तिनं सुई उचलली.

शनिवारी सकाळी ती पंचापाशी बसली. रोजचंच काम, रोजचाच दांडा. कुंबिराय प्रेस तापवायच्या आधी माल बघायला आला आणि वरचीच रेकॉर्ड बघून थबकला.

"माय रविरो," लेकीच्या नावानं तिला हाक मारत तो म्हणाला, "ही नको. ही घरी ने. नवी हातात पडेस्तोवर राहू दे."

"तुटकं ठेवून काय करू, बाबामुनिनी? टेटे म्हणते घराला छळेल."

"टेटेला काय कळतं प्रेसचं?"

"आणि तुला काय कळतं घरी आणायचं?" ती म्हणाली. "गाळ घातल्याशिवाय बिअर होते का?"

तो बाजूला झाला. ह्या गोष्टीत बाईशी कोण वाद घालणार? मुचानेटानं दांडा ओढला. खटकन गोल खाली पडला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पडलेलं लेबल उचललं, पुसलं आणि डोक्याच्या फडक्यात खोचून ठेवलं. चकती चक्कीत गेली. चक्कीचा आवाज जरासुद्धा बदलला नाही.

दळलेला माल रुळांतून गरम होऊन निघाला. शेजारच्या मोठ्या पिंपातला कारखान्याचा मालही तेच रूळ खात होते. दुपारच्या आत एका पुढाऱ्याच्या भाषणाच्या रेकॉर्डी दाबायच्या होत्या, तो माल आधी जायचा होता. मुफुका साहेबांनी हिशोब सोपा करायला दोन्ही ढीग एकत्र केले आणि म्हणाले, तुमच्या गोणीइतकं तुम्हाला मिळेल, चिंता नको. काळ्या मालाला नाव थोडंच असतं?

प्रेसपाशी कुंबिरायनं हात धुतले, पुसले, आणि पाकिटाची पट्टी सोडवली. पहिला साचा निघाला. त्यानं तो उजेडात तिरका धरला, खुणेचा आकडा पाहिला. दुसरी बाजू. गिटारची. मग त्यानं आत हात घातला आणि मधल्या कागदामागचा दुसरा गोल बाहेर काढला.

तो पुठ्ठ्याचा होता. कव्हराच्या खोक्याचा पुठ्ठा, साच्याच्या मापानं, कात्रीनं अगदी सुबक गोल कापलेला.

कुंबिरायनं तो उलटा केला, सुलटा केला. पाकीट झटकलं. आत काहीच नव्हतं. मग तो खाली खोक्यावर बसला आणि त्याला आठवत गेलं तसं सांगत गेला. मागच्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात एका दिवशी चेन्झिरा हात भाजून घरी गेला होता. प्रेस अडली होती म्हणाला होता. त्याच्याच गाण्याची शेवटची खेप होती ती. साचा प्रेसमधे तडकला असणार, त्याच्याच हाताखाली. कुणाला बोलला नाही. बोलला असता तर पाकीट भंगारात गेलं असतं आणि फळीवरचं त्याचं नाव पुसलं असतं. म्हणून त्यानं पुठ्ठा कापला, आत घातला, जाडी जुळवली आणि चिकटपट्टी लावली. साहेबांनी चाचपून पाहिलं तर दोन वाटावेत म्हणून. त्याला फळीवर राहायचं होतं.

मुचानेटाला सगळं एका झटक्यात कळलं नाही. तिनं विचारलं की मग आता आवाजाचा साचा कुठे आहे. कुंबिरायनं मान हलवली. तिनं विचारलं की मग आपण आवाज कशावरून दाबणार. त्यानं पुठ्ठा खाली ठेवला. तिनं चक्कीकडे पाहिलं. चक्की बंद होती, तिचं तोंड उघडं होतं, आत थोडी काळी भुकटी चिकटलेली होती. मग तिला कळलं, आणि ती तिथंच फरशीवर बसली. ओरडली नाही. तिला चेन्झिराचा राग आला, इतका की तो समोर असता तर तिनं त्याला चपलेनं मारलं असतं. आणि लगेच तिला त्याची दया आली, पुठ्ठा कापत बसलेल्या त्या वाळक्या माणसाची. आणि मग उरलं ते स्वतःचंच. त्यानं नाव राखायला खोटं केलं होतं. आवाज मात्र तिनं मोडला होता, खऱ्या हातानं, खऱ्या दांड्यानं.

"माझी बोटं राहिली," कुंबिराय म्हणाला, "आणि त्याचा गळा गेला. उलटं व्हायला हवं होतं."

मुफुका साहेब आले, त्यांनी पाहिलं, टोपी काढली. मग म्हणाले की प्रेस तापलीय, एक बाजू तर दाबून घ्या, दुसरीकडे सपाट पत्रा लावू. रिकाम्या हातानं गावी कशी जाशील? त्यांना बरं वाटावं म्हणून ते म्हणाले, आणि दुसरं काही त्यांना येतही नव्हतं. मुचानेटा हो म्हणाली. ती त्या वेळी कशालाही हो म्हणाली असती.

पुढचे दिवस तिनं शहर पालथं घातलं. बाजारातल्या रेकॉर्डवाल्यांकडे गेली, बिअरहॉलमधे गेली, रेडिओच्या कचेरीत दारवानाच्या पाया पडली. कुंबिरायनं आपल्यासाठी एकही ठेवली नव्हती. ढोलवाला केव्हाच जोहान्सबर्गला गेला होता, आणि त्याची रेकॉर्ड त्यानं नेली की फेकली ते त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ज्या दुकानांत ती रेकॉर्ड पूर्वी होती तिथल्या सगळ्या परत आल्या होत्या, आणि परत आलेल्या कुठं गेल्या हे मुचानेटाएवढं कुणाला माहीत असणार?

दिवस आला. बिअर उतरली होती, चांगली उतरली होती. सकाळी सगळे थडग्यावर गेले. चेन्झिराच्या भाच्यानं बिअर ओतली आणि म्हटलं, शुंबा, ऊठ, पोरं उघडी आहेत, घरी चल. त्यांच्या कुळाचं नाव शुंबा, म्हणजे सिंह. ढोल वाजले, बायकांनी जिभा हलवून आरोळी दिली आणि सगळी मिरवणूक नाचत झोपडीकडे आली. मुचानेटा मधे चालत होती. नव्या कव्हरातली नवी रेकॉर्ड तिच्या छातीशी होती. टेटेला तिनं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणून तोंड उघडलं की टेटे म्हणायची, नंतर, मुरोरा, आता काम आहे.

झोपडीत ओट्याच्या पायाशी प्लेयर ठेवला. आमायला धरून आणून पुढ्यात बसवलं. ती इतकी लहान झाली होती की बसली काय आणि उभी काय, फरक कळत नव्हता. कुंबिरायनं सुई ठेवली.

गिटार सुरू झाली. स्वच्छ, नवी, एकही खरखर नाही. बायकांनी पुन्हा आरोळी दिली, पुरुष पाय आपटू लागले. आमायनं हात वर केला तसे सगळे थांबले.

"हा कुंबिरायचा हात," ती म्हणाली. "ओळखला मी. आता माझा पोर गाईल."

सगळे ऐकत उभे राहिले. गिटार वर गेली, खाली आली, स्वतःभोवती फिरली, जशी ती पोरांना नाचायला फिरायची. आणि संपली.

"परत लावा," आमाय म्हणाली. "लाजत असेल. लहानपणीही पाहुणे असले की बोलायचा नाही."

परत लावली. ह्या वेळी कुणी नाचलं नाही. टेटे मुचानेटाकडे बघू लागली. गिटार परत संपली आणि तबकडी नुसतीच फिरत राहिली. आमायनं हात पुढे केला. कुंबिरायनं रेकॉर्ड तिच्या हातात दिली. तिनं एका बाजूवरून बोट फिरवलं, खाचा लागल्या, तिची मान हलली. मग उलटी केली आणि बोट फिरवलं. बोट घसरत गेलं, कुठंच अडलं नाही.

"इथं काहीच नाही," ती म्हणाली.

मुचानेटा गुडघ्यांवर आली. वर्षभरात ती इतकी दमली नव्हती.

"आमाय, जुनी मी दळली. माझ्या हातानं. नवी होईल म्हणून घातली, आणि साचा नव्हता."

टेटेच्या तोंडून काहीतरी निघालं, शब्द नव्हता. मग ती खाली बसली. कोणी तिला काही विचारलं नव्हतं तरी ती म्हणत राहिली की अडकत होती, अडकत होती म्हणून मी म्हणाले, मीच म्हणाले.

आमायनं लेकीला हातानं थांबवलं. मग तिनं विचारलं, "मग तो आता कुठे आहे?"

मुचानेटाला खोटं बोलता आलं असतं. ह्यातच आहे म्हणून सांगता आलं असतं, निदान थोडा तरी असेलच. पण तिच्या डोळ्यांसमोर ते दोन ढीग आले, एकमेकांत मिसळलेले.

"थोडा ह्यात असेल, आमाय. बाकीचा दुसऱ्यांच्या रेकॉर्डींत गेला. भाषणांत गेला. कुठं कुठं गेला ते सांगता येत नाही."

म्हातारी तिच्या आवाजाकडे तोंड करून बसली होती. रागावली नव्हती. रागावली असती तर मुचानेटाला बरं वाटलं असतं. तिनं फक्त विचारलं की जुनी जिथं अडकत होती तिथं तो काय म्हणत होता.

"मी येतोय, म्हणत होता," मुचानेटा म्हणाली. "तेच तेच म्हणत राहायचा."

"मग म्हणू द्यायचं होतं, पोरी. निदान येतो तरी म्हणत होता."

आणि रेकॉर्ड तिनं ओट्यावर ठेवली नाही. हातानं चाचपडत मुचानेटाची मांडी शोधली आणि तिथं ठेवून दिली.